पस्तान्यातली फाइल

"नीट बघा. घाई नाही," काउंटरपलीकडच्या बाई म्हणाल्या.

घाई नाही असं त्या म्हणत होत्या, पण माझ्यामागं साठ-सत्तर पोरं रांगेत उभी होती आणि मला त्यांचे श्वास मानेवर जाणवत होते. मी खांद्यावरची निळी बॅग काउंटरवर ठेवली, चेन उघडली आणि आतलं एकेक बाहेर काढायला लागले. टॉवेल. कंगवा. आवळासुपारीची डबी. एका रुमालात गाठ मारून बांधलेले मूठभर तांदूळ, त्यात एक सुपारी आणि हळकुंड.

"हे काय?" बाईंनी विचारलं. गळ्यातल्या बिल्ल्यावर त्यांचं नाव होतं, मिसेस ब्रॅडली.

"तांदूळ."

"तांदूळ इथंही मिळतो हं," त्या म्हणाल्या. चेष्टेनंच म्हणाल्या, पण मला हसायचं त्राण नव्हतं. दोन दिवसांत मिळून मी चार तास झोपले असेन. पाय सुजून बुटांत मावत नव्हते.

"फाइल नाहीये," मी म्हणाले.

मिसेस ब्रॅडलींनी समोरच्या यादीवर पेन्सिल टेकवली. पासपोर्ट, बरोबर. प्रवेशाचं पत्र पासपोर्टातच घडी करून ठेवलं होतं, तेही बरोबर. पुढचे तीन चौकोन रिकामे होते. पदवीचं ओरिजिनल सर्टिफिकेट, गुणपत्रिका, छातीच्या एक्स-रेचा रिपोर्ट.

"झेरॉक्स चालणार नाही?"

"नाही. शुक्रवारी दुपारी चारला ही नोंदणी बंद होते. तोवर आणून दाखवा."

"आणि नाही आणली तर?"

"तर यंदाची जागा जाते. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा."

"शिष्यवृत्ती?"

त्यांनी चष्मा काढला. "ती फक्त याच वर्षासाठी आहे," त्या म्हणाल्या, आणि मग मागच्या मुलाला पुढं बोलावलं.

ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. इंग्लंडच्या उत्तरेकडचं एक विद्यापीठ, आणि मी अठ्ठावीस वर्षांची नवी विद्यार्थिनी, हेमांगी रणवरे, मुक्काम फलटण. मातीवर दोन वर्षांचा अभ्यास करायला गेले होते. रांगेतली बाकी पोरं बावीस-तेवीसची, उत्साहानं नुसती फसफसणारी. मी त्यांच्यात कुणाची तरी मावशी सोडायला आल्यासारखी दिसत होते. मला उशीर झाला होता, कारण मधली सहा वर्षं मी घरात होते. एम.एस्सी. झाले त्याच उन्हाळ्यात आईला पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तेव्हापासून तिला कुशीवर वळवणं, भरवणं, पुसणं हे सगळं माझ्याकडं. अप्पा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. घरी आले की आईच्या खाटेशी बसायचे आणि बसूनच राहायचे. अप्पांची थोरली बहीण शकूआत्या आमच्याकडंच असायची. तिनं लग्न केलं नव्हतं. स्वयंपाकघर तिचं, आईची खोली माझी, अशी वाटणी होती.

फेब्रुवारीत आई गेली. जूनमध्ये माझ्या कॉलेजच्या सरांनी अर्ज भरायला लावला, ऑगस्टमध्ये पत्र आलं. आणि मग घराला काय झालं कोण जाणे. ज्या घरात सहा वर्षं कुणी एक शब्द मोठ्यानं बोललं नव्हतं, ते घर कंबर कसून माझ्या तयारीला लागलं. अप्पांनी व्हिसा आला त्याच दिवशी दोन मोठ्या बॅगा आणल्या. त्या भरून झाल्या की ते आणि आत्या मिळून चौकातल्या वाण्याच्या काट्यावर नेऊन वजन करायचे आणि परत आणून त्यातलं काहीतरी काढायचे. असं चार वेळा झालं. चौथ्या खेपेला वाणी म्हणाला, "अप्पा, आता पोरीलाच बसवा काट्यावर, म्हणजे एकदाचा हिशेब लागंल."

विद्यापीठाकडून एक पुस्तिका आली होती, येण्याआधी काय काय करायचं त्याची. आत्याला इंग्रजी येत नव्हतं. मी वाचून सांगायचे आणि ती लाल पेननं खूण करायची.

"गरम कपडे."

"झालं. पुढं?"

"कागदपत्रं कायम हातातल्या बॅगेत ठेवावी. मोठ्या सामानात टाकू नये."

"हे शहाण्यासारखं लिव्हलंय," आत्या म्हणाली, आणि या ओळीखाली दोनदा रेघ मारली.

फक्त एका गोष्टीनं तिचं डोकं उठलं होतं. निघायचा दिवस पितृपंधरवड्यात येत होता. इंग्लंडातल्या लोकांना पितृपंधरवडा ठाऊक नसतो हे मी तिला सांगून पाहिलं. "त्यांना न्हाई, आपल्याला हाय ना," ती म्हणाली, आणि तिनं पस्ताना ठेवायचं ठरवलं. हल्ली हे कुणी करत नाही, म्हणून सांगते. निघायच्या दिवशी मुहूर्त नसला, तर त्याआधीच्या चांगल्या वेळेवर प्रवाशाची एखादी बॅग शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. बॅग निघाली की माणूस निघाला असं धरतात. मग खऱ्या दिवशी जाताना ती तिथून उचलायची आणि मागं न वळता पुढं चालू लागायचं. घरातून बाहेर पडलेली ती बॅग पुन्हा उंबऱ्याच्या आत येता कामा नये.

पंधरवडा लागायच्या आदल्या दिवशी सकाळी आत्यानं माझी निळी बॅग भरली. आत फाइल ठेवली, वर टॉवेल, त्यावर तांदळाची गाठ. आणि ती बॅग दोन्ही हातांत धरून, बारशाला बाळ न्यावं तशी, शेजारच्या सोनवलकर काकूंच्या घरी नेऊन ठेवली. तिथून चौथ्या दिवशी दुपारी मी ती उचलली, काकूंनी हातावर दही घातलं, आणि जीप मुंबईच्या रस्त्याला लागली.

आता काउंटरवर तीच बॅग रिकामी पडली होती.

विद्यापीठाच्या दाराबाहेर फोनची खोपटी होती. मी कार्ड घालून घरचा नंबर लावला. आमच्याकडं दुपारचे साडेचार वाजले असणार. आत्यानंच उचलला.

"पोचलीस का गं? जेवलीस का?"

"आत्या, फाइल बॅगेत नाहीये."

"कुठली फाइल?"

"कागदांची. तू बॅगेत ठेवलेली. ती राहिली."

"आगं, राहील कशी? मी माझ्या हातानं ठिवली."

"नाहीये ना पण. मी सगळी बॅग उलटी केली."

 पलीकडून मला आमच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आल्यासारखं वाटलं. मग आत्या म्हणाली, "मग माझंच चुकलं आसंल." हे वाक्य मी तिच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. भाजी खारट झाली तरी ती मिठाला दोष द्यायची.

मी तिला शुक्रवारचं सांगितलं. चार वाजेपर्यंतचं, जागा जाण्याचं, शिष्यवृत्तीचं. फलटणहून इंग्लंडला कुरिअर पोचायला आठ-दहा दिवस लागतात हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. ऑगस्टमध्ये एक कागद पाठवताना बारा लागले होते.

"जाऊ दे आत्या," मी म्हणाले. "माझ्या नशिबात नव्हतं म्हणायचं. मी परत येते. अप्पांनाही एकट्यानं जड जात असेल."

"अप्पाला काय धाड भरलीय? पेपर वाचत बसलाय."

"मी परत येते गं. मला नाही राहवत इथं. मी फार दमले."

"उद्या ह्याच येळंला फोन कर," आत्या म्हणाली, आणि तिनं फोन ठेवून दिला.

त्या दिवशी मी वसतिगृहाच्या खोलीत जाऊन पडले. मोठ्या बॅगा उघडल्याच नाहीत. बॅगा बांधलेल्या असल्या की परत न्यायला सोप्या. भिंत पांढरी होती, खिडकीबाहेर आभाळ राखाडी होतं, आणि पलंगावर पडल्या पडल्या सवयीनं मी दर दोन तासांनी दचकून उठत होते. आईला कुशीवर वळवायची वेळ झाली असं वाटायचं. मग आठवायचं की आई नाही. त्यानंतर आठवायचं की मी फलटणमध्येही नाही. या दोन गोष्टींत मला जास्त वाईट कशाचं वाटत होतं, ते तेव्हा कळत नव्हतं.

मंगळवारी फोन अप्पांनी घेतला. अप्पा फोनवर कायम तार वाचून दाखवल्यासारखे बोलायचे.

"शकू पुण्याला गेलीय. सकाळी सहाच्या गाडीनं. फाइल घेऊन."

"फाइल सापडली?"

"सापडली. सोनवलकरांकडं."

"कुठं होती?"

"ते काही बोलली नाही."

"पुण्याला कशाला गेली?"

"तिकडं येणारं कुणी सापडतंय का बघायला. तुझं तिकीट काढलं होतं ना, त्या ऑफिसात."

"अप्पा, ती एकटी कधी साताऱ्यालाही गेली नाही!"

"मी येतो म्हणालो. नको म्हणाली." मग त्यांनी विचारलं, "तुला जेवायला मिळतं ना?"

मिळतं, असं मी सांगितलं. मी दोन दिवस चहा आणि बिस्किटांवर होते. शकूआत्याला एस.टी. लागायची. स्वारगेटच्या गर्दीत रस्ता ओलांडायचा म्हटलं तर ती अप्पांच्या शर्टाची बाही धरायची. ही बाई एकटी पुण्यात काय करणार होती? फार तर ऑफिसात जाईल, ते लोक नाही म्हणतील, आणि ती दुपारच्या गाडीनं परत येईल. असंच होणार, अशी माझी खात्री होती. मी संध्याकाळी विमान कंपनीच्या कचेरीचा पत्ताही विचारून आले.

बुधवारी मात्र आत्या स्वतः फोनवर होती, आणि तिचा आवाज बसला होता.

"लिवून घे," ती म्हणाली. "नलिनीबाई आपटे. उद्या उतरत्यात मँचेस्टरला. लेकीच्या बाळंतपणाला चालल्यात. पत्ता सांगते, एकेक अक्षर सांगते, त्यांनी मराठीत लिवून दिलंय. शुक्रवारी सकाळी जायचं आन् फाइल घ्यायची."

"आत्या, तू कशी..."

"कशी न् फिशी. लिवून घेतलं का?"

"घेतलं."

"मग ठेव. कार्ड संपंल तुजं."

शुक्रवारी सकाळी साडेनऊला मी बसनं मँचेस्टरला गेले. दीड तासाचा रस्ता. नलिनीबाईंची लेक एका मोठ्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत होती. दार उघडताच मेथीच्या लाडवांचा वास आला. नलिनीबाई साठीच्या, लख्ख पुणेरी, प्रवासानं डोळे लाल झालेले.

"या, या. तुम्ही हेमांगी ना? अहो, काय तुमच्या आत्या! बसा आधी."

त्यांनी फाइल आणून दिली. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात ती गुंडाळली होती आणि चारी बाजूंनी जाड दोऱ्यानं टाके घातले होते. वर बॉलपेननं आत्याचं मोठं, वाकडं अक्षर. माझं पूर्ण नाव, आणि खाली: 'हिला शुक्रवारी चारच्या आत मिळावी.'

"तुम्हाला सांगते," नलिनीबाई चहाचा कप पुढं करत म्हणाल्या, "मंगळवारी मला त्या तिकीटवाल्याचा फोन आला. म्हणे, वहिनी, एक आजी सकाळी दहापासून इथं बसल्यात, उठायलाच तयार नाहीत. प्रवाशांची नावं सांगता येत नाहीत असं मी दहा वेळा सांगितलं, तर म्हणतात नका सांगू, तुम्हीच विचारा. एवढी एक फाइल न्याल का, असं विचारलं त्यानं. मी म्हटलं, पाठवा त्यांना. तर रिक्षा करून घरी आल्या. मी जेवा म्हटलं तर जेवल्या नाहीत, डबा आणला होता तोही उघडला नव्हता. आधी मला शपथ घ्यायला लावली की फाइल हातातल्या बॅगेत ठेवीन. मोठ्या सामानात टाकू नका, म्हणाल्या, पुस्तकात लिहिलंय."

 मी चहा प्यायले. नलिनीबाईंनी चार लाडू कागदात बांधून दिले आणि "बाळंतिणीचे आहेत, पण तुम्हालाही गरज दिसतेय" असं म्हणाल्या.

बसच्या थांब्यावर आले तेव्हा साडेबारा वाजले होते. बारीक भुरभुर चालू होती. मी बाकावर बसले, फाइल मांडीवर घेतली. पावणेएकची बस आली, दार उघडलं, चालकानं माझ्याकडं पाहिलं. मी उठले नाही. दार मिटलं आणि बस गेली.

पुढची दीडला होती, ती तीनला पोचणार. त्यानंतरची सव्वादोनला, ती पावणेचारला. त्यानंतर कुठलीही घेतली तरी उपयोग नव्हता. मी फक्त बसून राहायचं होतं, दुसरं काहीच करायला नको होतं. अजून दीड तास बसले असते, की फाइल हातात असूनही कुणी मला काही म्हणू शकलं नसतं. बस चुकली, परका देश, रस्ते ठाऊक नाहीत. कुणालाही पटण्यासारखं होतं. मी इतकी थकले होते की ते बाक मला आईच्या खाटेसारखं वाटायला लागलं.

दीडची बसही मी सोडली.

मग भुकेनं म्हणा किंवा चाळा म्हणून म्हणा, मी एक लाडू खाल्ला आणि फाइलचे टाके बघत बसले. शकूआत्याला शिवण येत नाही. घरातली बटणंसुद्धा मी लावायचे. हे टाके एक इंचाचे, दुसरे अर्ध्याचे, काही ठिकाणी दोरा तुटून पुन्हा गाठ मारलेली. सोमवारी संध्याकाळी चष्मा नाकावर ओढत ती हे करत बसली असणार. नंतर अंथरुणावर पडून सकाळच्या गाडीला घाबरत असणार. आणि तरी उठली असणार. माझे डोळे भरून आले, आणि रागही आला. इतकी काय घाई होती या लोकांना मला घालवायची?

सव्वादोनची बस आली. मी चढले. रागात चढले की कशात ते खरंच सांगता येत नाही, पण चढले.

काउंटरवर पोचले तेव्हा चारला सात मिनिटं होती. मिसेस ब्रॅडली खुर्ची सरकवून उठायच्या बेतात होत्या. मी फाइल समोर ठेवली. टाके काढायला त्यांनी ड्रॉवरमधून कात्री दिली. तिन्ही कागद त्यांनी उजेडात धरून पाहिले, तीन चौकोनांत तीन खुणा केल्या, शिक्का मारला आणि माझा हात हातात घेतला. "स्वागत," त्या म्हणाल्या. मी बाहेर आले, खोलीवर गेले, आणि तेरा तास झोपले. मधे एकदाही दचकून उठले नाही.

पुढचं काही फार सांगण्यासारखं नाही. अभ्यास जमला, मैत्रिणी झाल्या, थंडीची सवय झाली. पुढं पुण्यात संशोधनाची नोकरी लागली, ती अजून चालू आहे. पण मधल्या काळात घरी एक वेगळंच प्रकरण होऊन बसलं होतं, आणि ते मला सव्वा वर्षानं, पहिल्यांदा सुट्टीला घरी गेले तेव्हा कळलं. गल्लीभर झालं होतं की शकूला आता विसर पडतो. भाचीची फाइल शेजारी विसरली, पोरीचं वर्ष जात होतं, थोडक्यात वाचली. दुधाचा हिशेब अप्पांनी स्वतःकडं घेतला होता. गॅस बंद केला का, असं ते तिला दिवसातून तीनदा विचारायचे. आत्या मुकाट "केला" म्हणायची.

सोनवलकर काकूंनी मला जेवायला बोलावलं. आत्याही होती. जेवणं झाल्यावर काकूंनी मला एक लोणच्याची बरणी दिली, आणि आत्यानं ती घ्यायला हात पुढं केला तर हसून म्हणाल्या, "नगं बाई, तुमच्या हातात नगं. तुम्ही ती हितंच ठेवून जाशीला आन् आम्हाला इमानानं धाडाया लागंल." सगळे हसले. आत्याही हसली. मी बरणी उचलून उठले.

दोन्ही घरांच्या मधे एक चिंचेचं झाड आहे. तिथं आल्यावर मी थांबले.

"आत्या, फाइल तू विसरली नव्हतीस."

"ठाऊक हाय," आत्या म्हणाली आणि चालत राहिली.

"अगं ऐक ना. मी काढून ठेवली होती. मुद्दाम."

"ठाऊक हाय म्हणलं ना. बरणी नीट धर, तेल सांडंल."

इंग्लंडला निघाले त्या दिवशी जीप दारात होती. अप्पा पुढं बसले होते, आत्या मागची बॅग बांधून घेत होती. मी एकटीच काकूंच्या घरात पस्ताना उचलायला गेले. काकू दही आणायला स्वयंपाकघरात. मी बॅग उघडली, फाइल काढली आणि कोपऱ्यातल्या गाद्यांच्या चळतीत खुपसली. किती वेळ लागला असेल? एक श्वास. ठरवून नव्हतं केलं, पण न कळतही नव्हतं. सहा वर्षं त्या घराचं पान माझ्यावाचून हलत नव्हतं, आणि त्याच घरानं पंधरा दिवसांत माझं सामान बांधून मला दारात उभं केलं. एकानंही म्हटलं नाही की जाऊ नको. माझी एवढीच इच्छा होती की कुणीतरी एकदा तसं म्हणावं. कुणी म्हणेना, म्हणून मी परत यायची सोय करून ठेवली, आणि तिचा दोष या बाईच्या डोक्यावर टाकून विमानात बसले. फोनवर ती "माझंच चुकलं" म्हणाली, तेव्हाही गप्प राहिले.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"सोमवारीच. वरून दुसऱ्या गादीखाली व्हती. माजा हात पोचतो का तिथवर? स्टुलावर चढून काढली मी. म्हनलं, विसरायला मी काय स्टूल घिऊन गेलते?"

मला हसू आलं आणि रडूही.

"मग बोलली का नाहीस? वर्षभर सगळ्यांचं ऐकून घेतलंस."

"बोलले आसते तर तू काय केलं आसतंस?"

मी विचार केला. "रडले असते. आणि परत आले असते."

"मग."

आत्या झाडाच्या पारावर टेकली. तिचे गुडघे दुखत असावेत. थोडा वेळ ती रस्त्यावरच्या सायकलींकडं बघत होती. मग म्हणाली, "मी सांगलीला गेलते. नर्सिंगला. तुजा बा तवा शाळंत व्हता."

हे मला नवीन होतं. आमच्या घरात असं कधी कुणी बोललं नव्हतं.

"चार दीस राहिले. करमंना. पाचव्या दिवशी गाडीत बसले आन् आले घरी. कोन रागावलं न्हाई. आईनं पुरनपोळी केली. दादा, म्हंजी तुजं आजोबा, म्हनले, बरं झालं आलीस, घर सुनं वाटत व्हतं. लई बरं वाटलं मला." तिनं गुडघ्यावरून हात फिरवला. "एकानं जरी मुस्काडीत दिली आसती न् परत गाडीत बसवलं आसतं, तर बरं झालं आसतं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. भाजीचा भाव सांगावा तसं ती सांगत होती, आणि मला तिचं तोंड बघवत नव्हतं. मी तिच्याशेजारी बसले. जे विचारायला मी सव्वा वर्ष धजले नव्हते, ते विचारून टाकलं.

"आत्या, तुला एकदाही वाटलं नाही, मी जाऊ नये असं?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी एखाद्या परक्या बाईसारखं काहीतरी बोलले होते.

"आगं, त्या हापिसात मी चार तास बसले," ती म्हणाली. "त्यो मानूस दर खेपेला न्हाई म्हनायचा. त्यानं न्हाई म्हनलं की मला बरं वाटायचं. म्हनायचे मनात, चला, सुटलो, पोरगी येती घरी. आन् मग परत इचारायचे त्याला."